सुखराम जागल्याच्या झोपेचा अहवाल

नागपूर
६ जानेवारी २०२५

काकाजी,

तुमच्या आणि काकूच्या पाया पडते. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. पण तुम्हाला फोन केला की तो अंगणात स्पीकरवर लागतो, आणि माझं लग्न कुठे अडलं ते सारं तलावपार ऐकतं. म्हणून सानगडी पोस्टावर भरवसा ठेवला.

मी कॉलेजात नेमकं काय करते, हे तुम्ही दर दिवाळीत विचारता आणि मी दर दिवाळीत अनारसा तोंडात घालते. आज सांगतेच. माणूस झोपला की त्याच्या डोक्याला बारीक तारा लावून मेंदूतले विजेचे तरंग टिपायचे. डॉक्टर लोक त्या रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करतात आणि एकेका तुकड्यावर शिक्का मारतात: जागा, पेंगलेला, कच्ची झोप, गाढ झोप, स्वप्न. एका रात्रीचे हजारभर तुकडे होतात, मग डॉक्टरच पेंगतो. म्हणून आम्ही असे शिक्के मारलेले लाखो तुकडे कॉम्प्युटरला दाखवले, आणि आता तो स्वतः शिक्के मारायला शिकला आहे.

अडचण एकच. तो शिकला शहरातल्या लोकांवर, दवाखान्याच्या गादीवर, एसीत झोपणाऱ्या. खेड्यातला, पन्नाशी उलटलेला माणूस त्याने पाहिलेलाच नाही. परवा मीटिंगमध्ये मी म्हटलं, माझे काकाजी तर बारा वर्षांपासून झोपलेच नाहीत, तलावाची जागल करतात. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, असा माणूस असेल तर उद्या घेऊन ये.

तुम्ही येऊ नका, मीच मशीन घेऊन येते. डोक्याला एक पट्टा, छातीवर आगपेटीएवढा डबा, त्यात आवाज टिपायला एक छोटा माइक. सुई नाही, औषध नाही. तीन रात्री. दर घरातून एकच माणूस घ्यायचा असा नियम आहे, फॉर्मवर कुटुंबप्रमुखाची सही लागते. काकूला त्रास नाही.

हो म्हणा ना.

तुमची नीतू


तलावपार, पोस्ट सानगडी
१३ जानेवारी

नीतू बेटा,

पत्र भेटलं. तुही काकू म्हणे पोरगी एवढी शिकली पण अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यावानीच आहे. हे तिनं म्हटलं, मी नाही म्हटलं.

मशीन आण. तीन रात्री काय, तीस रात्री लाव. मले तं तुह्या पत्रानं देवच पावला. मामला असा आहे का, फेब्रुवारीत आपल्या मच्छीमार संस्थेची आमसभा आहे. सेक्रेटरी खेमराजच्या मनात आहे का तलावाची जागल माह्याकडून काढून त्याच्या साळ्याले, भोजराजले, द्यावं. जिथं जाईन तिथं सांगून राहिला, सुखराम बुढा झाला, पारीवर, तलावाच्या बांधावर, झोपा काढते. मी! अगा बाप्पा! बारा वर्षांत ह्या तलावातून एक रोहू कोणाच्या बापाले नेता नाही आला, अन् हा मले झोपते म्हणते!

तुले माहीत नसन, तू तवा जन्माले पण नव्हती. तरणा होतो तवा एकदाच, एकच रात, पारीवर डोळा लागला अन् संस्थेचं नवंकोरं जाळं चोरीले गेलं. दोन वर्षं लोकायनं मले 'झोपाळू सुखराम' म्हटलं. माह्या वरातीत पोट्टे डोळे मिटून नाचले. तवापासून मी कानाले खडा लावला. आज गावात कोणालेही इचार, सुखराम जागल्या कोण, तं लहान लेकरू पण बोट दाखवते. हे नाव गेलं तं माह्याजवळ दुसरं काय आहे सांग? शेत नाही, मासे धराचा डोंगा संस्थेचा, अन् केस पण अर्धेच राहिले.

तवा तुह्या मशीनीचा रिपोर्ट मले पाह्यजे. त्याच्यावर गोल शिक्का पाह्यजे, निळा. अन् घरी नको पाठवू. थेट संस्थेच्या पत्त्यावर, अध्यक्ष वासुदेवराव मास्तरच्या नावानं पाठव. पाकीट बंद पाह्यजे. मास्तर भर सभेत फोडतीन अन् मोठ्यानं वाचतीन. खेमराजचं तोंड पाहाले मजा येईन.

काकू म्हणते का, डोक्याले तारा लावतीन तं करंट तं नाही लागन? मी म्हटलं चूप बस, तुले काय समजते.

सुखराम जागल्या


नागपूर
५ फेब्रुवारी

काकाजी,

आनंदाची बातमी! मी इतकी खूश आहे की काल मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिन्ही रात्रींचं काम पूर्ण झालं. मी संध्याकाळी पारीवरच्या झोपडीत तुम्हाला पट्टा बांधून घरी परत यायची तेव्हा मनात धाकधूक असायची, की बारा वर्षांच्या जागरणाने मेंदूचं काय झालं असेल! काकाजी, काहीही झालेलं नाही. तुम्ही तिन्ही रात्री सरासरी सहा तास पन्नास मिनिटं झोपलात. गाढ झोप इतकी सुंदर की मॅडमनी ती सगळ्यांना पडद्यावर दाखवली. तुमच्या वयात असे मोठे, संथ तरंग क्वचित दिसतात. आमच्या विभागात तुमचं नाव आता 'आदर्श झोप' असं पडलं आहे.

तुम्हाला जागं असल्यासारखं वाटतं ही गोष्ट वेगळी. तसं पुष्कळांना वाटतं, त्यावर पुढच्या वेळी बोलू.

अहवाल तुम्ही सांगितल्याप्रमाणे बंद पाकिटात, वासुदेवराव मास्तरांच्या नावाने, स्पीड पोस्टाने पाठवला आहे. निळा गोल शिक्का मी स्वतः मारला, दोनदा. सभेच्या सकाळी मिळेल. खेमराजकाका तुम्हाला म्हातारे म्हणतात ना? आता कागदच सांगेल की तुमचा मेंदू चाळिशीतल्या माणसासारखा झोपतो. वाचू द्या मोठ्याने!

तुमची लाडकी नीतू


तलावपार
१३ फेब्रुवारी

नीतू,

तुही 'आनंदाची बातमी' सभेच्या दुसऱ्या दिवशी भेटली. पाकीट मात्र टायमावर आलं. तुह्या सरकारी पोस्टानं जन्मात एकदा टाइम पाळला, तो माह्या वाटोळ्यासाठी.

सांगतो काय झालं ते. मंदिराच्या मंडपात दीडशे माणूस. मी नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत. भोजराज खाली मान घालून मोबाइल पाहून राहिलेला. मीच उभा राहिलो अन् म्हटलं, मास्तर, पाकीट फोडा, आज दूध का दूध होऊन जाऊ द्या. मास्तरनं चष्मा पुसला. तुले माहीत आहे, मास्तर रिटायर होऊन अकरा वर्षं झाली पण वाचतात अजून निकालासारखंच. 'सुखराम, एकूण झोप सहा तास पन्नास मिनिटे. झोपेची कार्यक्षमता एक्क्याण्णव टक्के. शेरा, उत्कृष्ट.'

अन् लोकायनं टाळ्या वाजवल्या! त्यायले वाटलं मी पास झालो. मलेही अर्धा मिनिट वाटलं. मंग खेमराज उठला, मले हात जोडले अन् म्हणे, सुखरामभाऊ झोपेत फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, त्यायचा सत्कार करा अन् जागल भोजराजले द्या. हात वर झाले. माह्या सख्ख्या साडूचा हात वर झाला. पाच मिनिटांत बारा वर्षं गेली.

आता तुले एक इचारतो. माह्या डोक्यात काय चालते ते मले माहीत का तुह्या डब्याले? मी डोळे मिटतो, मान्य. मिटून जागतो. भजन ऐकताना माणूस डोळे मिटते का नाही? तवा काय तो झोपते? मले बेडकं ऐकू येतात, पाणी ऐकू येते, माह्याच खोकल्याचा आवाज ऐकू येते. त्या तुह्या मशीननं शहरातले लोक पाहिले आहेत, जे डोळे मिटले का मुडद्यावानी पडतात. तिले गावचा माणूस काय समजते!

सकाळी पानठेल्यावर गेलो तं एक जण म्हणे, उठले का? दुपारी बारा वाजता म्हणे.

तुही काकू खाली मान घालून तांदूळ निवडते. तिलेही शरम वाटत असन.

सुखराम


नागपूर
२१ फेब्रुवारी

काकाजी,

तुमचं पत्र वाचून रडले. मग परत वाचलं आणि पानठेल्याच्या गोष्टीवर हसले, माफ करा. मग परत रडले. मी गाढव आहे. तुम्हाला कशाची सिद्धता पाहिजे होती हे तुम्ही स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी पोरकट उत्साहात तब्येतीचं सर्टिफिकेट पाठवून बसले.

पण काकाजी, तुम्ही खोटं बोलता असं मशीन म्हणत नाही. झोपलेला असून आपण जागेच होतो असं मनापासून वाटणारी माणसं जगभर आहेत. डॉक्टरांकडे त्या अवस्थेला नावसुद्धा आहे. त्यांना शपथेवर विचारलं तरी ती 'डोळ्याला डोळा लागला नाही' असंच सांगतात, आणि ते त्यांच्या बाजूने खरं असतं.

आणि मशीन काही ब्रह्मदेव नाही. कबूल करते की शंभर तुकड्यांत साधारण ब्याऐंशी ठिकाणी तिचा शिक्का डॉक्टरच्या शिक्क्याशी जुळतो, अठरा ठिकाणी नाही. गंमत म्हणजे दोन डॉक्टर बसवले तरी त्यांचंही आपसात जवळपास तेवढंच जुळतं. म्हणून मी तुमच्या तिन्ही रात्री पुन्हा हाताने तपासल्या. एकेक तुकडा, तीन दिवस लागले. खोटं कशाला सांगू, तुम्ही झोपलाच होता.

फक्त एक गोष्ट मला उमगली नाही. माइकवर दर अर्ध्या-पाऊण तासाने खोकला ऐकू येतो. चांगला दणदणीत, खाकरून, मर्दानी. पण त्याच क्षणी तुमच्या मेंदूत गाढ झोपेचे तरंग संथ चाललेले असतात, जराही हलत नाहीत. छाती हलत नाही. माणूस खोकेल आणि त्याच्या छातीला कळणार नाही, असं होत नाही. मॅडम म्हणाल्या, माइक बिघडला असेल, काढून टाक. मी ते तुकडे 'बिघाड' म्हणून वेगळे काढून ठेवले आहेत.

काकूला सांगा, रागावू नका.

नीतू


तलावपार
७ मार्च

नीतू बेटा,

देव आहे! चोरी झाली!

भोजराजले जागल भेटून वीस दिवस नाही झाले तं उत्तरेच्या कोपऱ्यातून पाच-सहा क्विंटल माल गेला. कतले काढले, रोहू काढले, जाळं लावून निवांत काढले. अन् मजा ऐक, भोजराज जागा होता! खेमराजच्या पोरानं त्याच्या हाताले घड्याळ बांधलं होतं, त्यात दिसते म्हणे, एक मिनिट झोपला नाही. रातभर मोबाइलवर पिच्चर पाहून राहिला होता. त्या मोबाइलचा उजेड अर्ध्या कोसावरून दिसते. चोरायले समजलं, जागल्या इथं बसला आहे, तवा आपण तिथं जाऊ.

आता सारे लाइनीवर आले. मास्तर घरी आले, चहा पेले. म्हणे, सुखराम, तू झोपत असो का जागत असो, चोर तुले भेत होते. त्या तुह्या रिपोर्टनं त्यायची भीती गेली. खेमराजही आला, माह्याच खाटेवर बसला. ठराव असा होऊन राहिला का, मले परत घ्याव, पण गावाले दाखवाले एक कागद पाह्यजे. तुह्या कॉलेजचं दुरुस्तीचं पत्र. त्यात लिहाव का मशीन चुकली होती.

तूच लिहिलं ना, शंभरात अठरा चुकतात? मंग झालं! मी त्या अठरातला. एवढं लिहून दे. कोणाचं नुकसान होते सांग? तुह्या मॅडमचं? तिची नोकरी पक्की आहे. माहा मात्र जीव टांगला आहे. तीस तारखेले खास सभा आहे. त्याच्या आत पाठव. शिक्का एकदाच मार, पण ठळक मार.

काकूले सांगतलं का आता जागल परत भेटते, तं ती काही न बोलता घागर घेऊन गेली. खुशीनं बोलणं सुचलं नसन.

सुखराम (जागल्या लिहीन, पत्र आलं का)


तलावपार
१० मार्च

नीतू,

काकूचा आशीर्वाद. मी कधी पत्र लिहिलं नाही. साक्षरतेच्या वर्गात सही शिकली, मंग पोरायच्या वह्या पाहून पाहून बाकीचं शिकली. चूक भूल होईन. हे पत्र मी दूधवाल्या दीपमालाच्या हातानं टाकून राहिली. तुह्या काकाजीले माहीत नाही.

तू तो खोकला वेगळा काढून ठेवला म्हणे. तुह्या काकाजीनं मले पत्र वाचून दाखवलं तवा माह्या हातातलं सूप सुटलं. बाई, ते बिघाड नाही. ती मी आहो.

पहिल्या वर्षी जागल भेटली तवा मी भाकर घेऊन गेली अन् पाहिलं तं हे पारीवर निजलेले. मले पहिलं जाळं गेलं ते आठवलं. लोकायनं यायले कसं हिणवलं ते मी नवरी होऊन आली तवा ऐकलं होतं. म्हटलं अखीन एक बार तसं झालं तं हा माणूस तलावात उडी घेईन. मंग मी बसली. दुसऱ्या रात्री पण बसली. म्हटलं यायची सवय होईपर्यंत बसू. तवापासून बसून आहो.

दर घडीले उठाव, पारीवर एक चक्कर माराव, टॉर्च चारी कोपऱ्याले फिरवाव अन् माणसावानी खाकराव. पहिले घसा दुखत होता. आता तं मी दिवसाही तशीच खोकलते का काय म्हणून भेव लागते. ह्यायच्या कानात तो खोकला झोपेत जात असन, म्हणून सकाळी उठून म्हणतात का मी रातभर खोकलत होतो, छाती भरून आली. मी काढा करून देते. बारा वर्षं मी माह्या खोकल्याचा काढा त्यायले पाजला.

तू तीन रात्री पट्टा बांधाले आली. मी कंदील धरून तुह्या बाजूले उभी होती. तू म्हटलं काकू, तुम्ही जा, आराम करा. मले हसू आलं. तू घरी निजली का मी मागच्या दारानं परत पारीवर.

दिवसा निजता येत नाही. घर आहे, बाजार आहे, मासोळ्या इकाले सानगडीले जा. बाजारात बसल्या बसल्या मान पडते, गिऱ्हाईक हलवते. दोन बार चुलीजवळ पडली. डॉक्टर म्हणे रक्त कमी आहे. रक्त नाही बाई, झोप कमी आहे.

तुहा रिपोर्ट आला अन् जागल गेली, त्या रात्री मी आठ वाजता पडली अन् सूर्य वर आला तवा उठली. मले समजलंच नाही मी कुठं आहो. असं वाटलं का माहेरी आहो. वीस दिवस मी निजली. हे बाजूले उसासे टाकत होते अन् मी निजून राहिली होती. मले पाप लागन तं लागो.

आता ते दुरुस्तीचं पत्र मागतात. तू ते देलं तं जागल परत येईन अन् मी परत पारीवर. नाही देलं तं हा माणूस खंगून जाईन. मले दोन्हीतलं काय पाह्यजे ते मी देवालेही नाही सांगतलं. तुले सांगते. मले झोप पाह्यजे. पत्र देऊ नको.

ह्यायले यातलं काही सांगू नको. त्यायले वाटते ते जागतात. वाटू दे.

रत्नाबाई


नागपूर
१६ मार्च

काकू,

तुमचं पत्र मिळालं आणि मी तशीच लॅबमध्ये गेले. 'बिघाड' नावाचा तो फोल्डर उघडला आणि हेडफोन कानाला लावून बसले. तिन्ही रात्री मिळून एकेचाळीस खोकले आहेत. एकाही ठिकाणी तुम्ही चुकलेल्या नाहीत.

लाज वाटते, काकू. लाखो तुकडे दाखवून आम्ही मशीनला झोपलेला माणूस ओळखायला शिकवलं, आणि जागी बाई कंदील धरून माझ्या शेजारी उभी होती ती मला ओळखता आली नाही. मी तर फॉर्मवर कुटुंबप्रमुख कोण ते विचारलंसुद्धा नाही. काकाजींचं नाव सरळ लिहून टाकलं.

आता तुमच्याच हातात देते. दुरुस्तीचं पत्र मी खोटं न बोलताही लिहू शकते. 'शंभरात अठरा ठिकाणी मशीनचं जुळत नाही' एवढं एक वाक्य, खाली शिक्का. त्यात एक अक्षर खोटं नसेल आणि सगळं पत्र खोटं असेल. मी ते लिहिणार नाही. तुम्ही स्वतः लिही म्हणालात तरच लिहीन.

काकाजींना मी काही सांगत नाही. पण माझं ऐकाल तर तुम्हीच सांगा. बारा वर्षं त्यांचं नाव तुम्ही सांभाळलं, ते किती जड होतं हे एकदा त्यांना उचलून पाहू द्या. एप्रिलमध्ये मी मशीन घेऊन येते. या वेळी पट्टा तुमच्या डोक्याला. तुमची झोप किती मागे पडली आहे ते मला मोजायचं आहे, आणि मॅडमना पडद्यावर दाखवायचं आहे.

तुमची नीतू


तलावपार
१० एप्रिल

नीतू,

सोळा तारखेचं पत्र तू काकूच्या नावानं टाकलं होतं. पोस्टमननं माह्या हातात देलं. तिच्या नावानं जन्मात कधी पत्र आलं नाही, तवा मले वाटलं तू नाव चुकली. अन् दुरुस्तीच्या पत्रासाठी मी दररोज सानगडीले पोस्टात जाऊन राहिलो होतो. तिथंच पोस्टाच्या पायरीवर फोडलं.

वाचलं अन् पहिले तुहा राग आला. मंग तिचा आला. दोन दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर पत्र ठेवलं अन् म्हटलं, हे खरं आहे? म्हणे, हाव. म्हटलं, मंग इतके वर्षं सांगतलं काहून नाही? सूप खाली न ठेवता म्हणे, तुम्ही इचारलं कवा? तुम्ही तं दररोज मलेच सांगत होते का रातभर जागलो.

मी उठून तलावावर गेलो. पारीवर तिच्या चकरायची पायवाट पडली आहे. बारा वर्षं मी त्या वाटेनं सकाळी घरी गेलो अन् समजत होतो का ही माह्याच चालण्यानं पडली.

तीस तारखेले सभा झाली. मास्तरनं इचारलं, पत्र आलं का? मी उभा राहिलो. म्हटलं, पत्र येणार नाही. मशीन बरोबर बोलली. मी झोपत होतो. जागत होती ते ही, रत्ना. चोर भेत होते ते हिच्या खोकल्याले. वरातीत नाचले त्यायच्यातले दोन-तीन बुढे समोरच बसले होते. ते पण नाही हसले.

अन् मंग खेमराज उठला. त्याले कोणत्याही वाऱ्यात सूप धरता येते. म्हणे, मंग ठराव साधा आहे, जागल रत्नाबाईले द्या, कायमची! टाळ्या. एका बाईनं धावत जाऊन खण-नारळ आणला. मास्तरनं भाषण केलं, तलावाची जागती देवी म्हणे. ज्या बाईले बारा वर्षांत एकच गोष्ट पाह्यजे होती, झोप, तिची लोकायनं ओटी भरली अन् रातभर जागाचं काम तिच्या पदरात टाकलं! मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं आता रडन. रडली नाही. पदर खोचून उभी राहिली अन् म्हणे, कागद माह्या नावानं करा. कोण कसं जागते ते आम्ही घरातलं घरात पाहू.

तवा आता अशी गोष्ट आहे. एक तारखेपासून बोर्डावर रत्नाबाईचं नाव आहे. संध्याकाळी आम्ही दोघंही पारीवर जातो. ती भाकर खाते अन् झोपडीत आडवी होते. मी बसतो. झोप येतच नाही बाप्पा, शरमेनं का भेवानं ते तुह्या मशीनले माहीत असन. दर घडीले चक्कर मारतो, टॉर्च फिरवतो, अन् लोकायले वाटाव का बाई जागी आहे म्हणून पातळ आवाजात खोकलतो. पहिल्या दिवशी माह्याच खोकल्याले मी हसलो. मासोळी एक गेली नाही.

सकाळी लोक रस्त्यात हिच्या पाया पडतात. म्हणतात, रत्नाबाई, जागून जागून तुमच्या तोंडावर काय तेज आलं! तेज येईन नाही तं काय, आठ-आठ तास निजते! अन् माह्याकडे पाहून म्हणतात, सुखराम, झोपून झोपून डोळे सुजले तुहे. काल पानठेल्यावर एकानं 'झोपाळू सुखराम' म्हटलं. पहिले असतं तं गचांडी धरली असती. आता जीभ शिवशिवते सांगाले का बाबा, जन्मात पहिल्यांदा मी खरंच जागून राहिलो आहो. सांगत नाही. सांगतलं तं ती परत उठून बसन.

तू मशीन आणते म्हणते, तं आणू नको. तिच्या डोक्याले तारा लावशीन तं तिची झोपमोड होईन. तुले जे मोजाचं आहे ते मी सांगतो, लिहून घे. पहिल्या रात्री ती पडली तं उजव्या हाताची मूठ बंद होती. टॉर्च धरल्यावानी, घट्ट. मी सोडवाले गेलो तं झोपेतच अखीन आवळली. चार रात्री तशीच होती. पाचव्या रात्री पहाटेले मी चक्कर मारून आलो तं मूठ सुटली होती अन् हात चटईवर उघडा पडला होता.

तीस वर्षं झाली लग्नाले, तिले झोपलेली मी पहिल्यांदा नीट पाहून राहिलो. कच्ची झोप कोणती अन् गाढ कोणती, आता मले समजते.

तुहा काकाजी
सुखराम